मागून म्हणणारी

बरीच वर्षं मी एका कार्टूनमधली खार होते. मुलांच्या वाहिनीवर ही खार रोज झाडावरून पडायची आणि पडताना किंचाळायची. ते किंचाळणं माझं. त्याशिवाय साबण, मसाले, फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई, असं जे मिळेल ते मी बोलत असे. डबिंग करणाऱ्यांना चेहरा नसतो, त्यामुळे कोणी ओळखत नाही आणि भाजीवाला भाव कमी करत नाही.

मग कामं आटायला लागली. आधी जाहिराती गेल्या, मग खार गेली. एका स्टुडिओवाल्याने स्पष्टच सांगितलं, की आता मशीन बोलतं, त्याला चहा लागत नाही आणि त्याचा घसा बसत नाही. मी हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. घरी येऊन मात्र चांगली रडले.

एका शुक्रवारी एका कंपनीतून फोन आला. थोडे दिवस रेकॉर्डिंग करायचं, त्यावरून ते मशीनला माझा आवाज शिकवणार. पुढे मशीन माझ्या आवाजात हवं ते बोलेल, मी घरी बसायचं. सोमवारी उत्तर द्या, म्हणाले. हो म्हटलं तर काही काळ पैशांची चिंता मिटणार होती. पण त्यानंतर मला कोणी कशालाही बोलावणार नव्हतं, हेही लख्ख दिसत होतं. आणि नाही म्हणायला माझ्याकडे एकही धड कारण नव्हतं.

मी करंजाड्याला भाड्याने राहते. गावची जमीन सरकारी प्रकल्पात गेली तेव्हा बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर घरमालकीण काकूंच्या मुलांनी चार मजले चढवले, आणि काकू तळमजल्यावर दार उघडं टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत बसतात. त्या दिवशी माझी घेतली.

“तोंड का उतरलंय गो?”

मी सगळं सांगितलं. मशीनचं त्यांना किती कळलं देव जाणे.

“म्हंजे आवाज भाड्यानं द्यायचा?”

“भाड्याने नाही काकू. कायमचाच.”

“आमी जमीन दिली तसा?” काकू पुढे सरकून बसल्या. “मंग बदल्यात प्लॉट तरी देतील काय?”

मला हसू आलं. काकूंना नाही आलं.

काकू धवलारीण आहेत. त्यांच्या समाजात लग्नाच्या आधी धवलारीण धवले गाते, म्हणजे गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलावते. तिचा मान भटजीपेक्षा कमी नाही. ती एक ओळ म्हणते, दुसरी बाई तीच ओळ मागून म्हणते. काकूंच्या मागून त्यांची जाऊ म्हणायची, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रविवारी नेऱ्याला पुतण्याच्या मुलीची हळद होती.

“तू चल,” काकू म्हणाल्या. “तुझा आवाज तसा बी रिकामाच हाय.”

असं आमंत्रण नाकारता येत नाही.

नेऱ्याला मांडवात डीजेवाले ‘चेक, चेक’ करत होते. नवरी आणि घरातल्या सगळ्या सुना पार्लरमध्ये. आतल्या खोलीत दिवा, तांदूळ, चारपाच म्हाताऱ्या आणि आम्ही दोघी. काकूंनी सुरुवात केली. त्या सुरात होत्या असं शपथेवर सांगता येणार नाही. मी मात्र जय्यत तयारीने बसले होते. पहिलीच ओळ उचलली ती अशी घोळवून, शेवटी नाजूक कंप देऊन, की बरगडीत काकूंचं कोपर बसलं.

“साधं म्हन. तुला कोन आयकाला बसलंय?”

मी साधं म्हणायला लागले. गावदेव आले, डोंगरावरचा देव आला, विहीर आली, शेताचा बांधही आला. मग त्या घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही त्या आज्यांना-पणज्यांना मी आग्रह करत होते, या, जेवून जा. बाहेर डीजे दणाणत होता. आमचं आम्हालाच जेमतेम ऐकू येत होतं.

अचानक काकू थांबल्या.

“तुझ्या घरचं कोन? मागून म्हननारीची मानसं बाहेर उपाशी ठेवायची नसतात.”

मी वडिलांचं नाव सांगितलं.

वडील करोनाच्या वॉर्डात वारले. आत सोडत नव्हते. मी रोज फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवायचे आणि एक नर्स सवड झाली की तो त्यांच्या कानाशी लावायची. एवढा कमावलेला आवाज, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला का, ते मला कधीच कळलं नाही. देवाला हे एकच विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून मीही त्याच्याशी बोलणं टाकलं.

काकूंनी वडिलांचं नाव त्यांच्या पद्धतीने, पार वाकडं करून घेतलं. मी मागून घेतलं आणि माझा आवाज मधोमध चिरकला. स्टुडिओत हा टेक लगेच रद्द झाला असता. काकू पुढे गात राहिल्या, म्हणून मीही राहिले. रडत होते, पण कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं शांत वाटत होतं.

परतताना रिक्षात मी विचारलं, “काकू, ते येतात का खरंच?”

“मला काय ठाव?” काकू पदराने वारा घेत म्हणाल्या. “आपुन बोलवायचं. न बोलवता कोन येतंय?”

देव आहे की नाही, यावर माझं मत अजून ठरत नाही. पण आपण बोलवायचं, हे मला पटलं. त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

सोमवारी फोन आला. मी नाही म्हणाले. पुढे काय करणार ते मला माहीत नव्हतं, अजूनही नीटसं माहीत नाही. पलीकडचा माणूस भला होता, समजावून सांगायला लागला.

“मॅडम, आवाज तुमचाच राहणार. तुम्ही बोलताय की मशीन, ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

“ऐकणाऱ्याला नाही कळणार,” मी म्हटलं. “पण हाक मी मारली की नाही, ते मला कळेल ना.”