या भागात वाघ आढळत नाही

मांडवगण फराट्यातल्या एका आबांना आमच्या ॲपनं खोटं ठरवलं. दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. वेळ पाठ आहे, कारण ती त्यांच्या फोनवर लाल अक्षरांत होती. तिच्याखालचं वाक्य मी लिहिलं होतं.

मी पत्रकं लिहिते. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या बायकांच्या बससाठी. शहरात सायकली भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीनं दौंड, शिरूर आणि मांडवगणला स्टँड टाकले, पर्यटकांसाठी ॲप नव्यानं करायला घेतलं आणि मराठी मजकुराला मला बोलावलं. त्यात एक चौकट होती. वाटेवरचा धोका गावकऱ्यांनी कळवायचा, ॲपनं तो पर्यटकाला दाखवायचा. चौकटीत सारखा 'वाघ' यायला लागला. ऑफिसातल्यांनी विचारलं, "तिकडे वाघ आहेत?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, वाघ नाहीत, बिबटे आहेत. शब्द बरोबर पाहिजे ना! मग लिहून दिलं: 'नोंद नाकारली. या भागात वाघ आढळत नाही.' हे कळवणाऱ्यालाही दिसायचं आणि पर्यटकालाही.

मी शिरूरची. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. तरी लिहिलं.

त्या मंगळवारी सायकलींची पाटी लावायला मांडवगणच्या स्टँडवर गेले. शेजारच्या मळ्यातले आबा फोन पुढं करून उभे.

"ताई, ह्ये कुणी लिवलं?"

"कंपनीनं," मी म्हणाले. भित्री कुठली.

"मंग वाघानं आता आधार कार्ड दावायचं व्हय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"आत्ता एक बाई गेली उसाच्या वाटंनं, नदीकडं. सायकलवर मागं पोरगी, सात-आठ वर्साची. म्या म्हनलं, वाघ हाय. तर मलाच फोन दावला. म्हनली, काका, यात तर नाही म्हणून लिहिलंय."

मी पाटी तिथंच ठेवली. त्या वाटेनं खुरपायला जाणाऱ्या बायका, बिबट्यानं मान धरू नये म्हणून, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात. आम्ही ॲपवर तिला नाव दिलं होतं 'शांत वाट'.

स्कूटी काढली. आबा एक पत्र्याचा डबा घेऊन मागं बसले आणि काठीनं तो बडवायला लागले. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. दोन्हीकडं ऊस डोक्याच्या वर, मधे बैलगाडीपुरती वाट, उजेड चाललेला. दर वळणाला वाटायचं, आता रिकामी सायकल दिसणार.

सायकल दिसली. आडवी पडलेली. मी स्कूटी थांबवली.

पलीकडं त्या दोघी होत्या. चेन उतरली होती. आई उकिडवी बसून ती चढवत होती, पोरगी शेजारी तशीच बसलेली.

"उठा," आबा म्हणाले. "बसलेलं मानूस त्याला शेळीवानी दिसतंय. पोरीला मधी घ्या."

"कुणाला दिसतंय?" बाईंनी विचारलं.

डाव्या हाताचा ऊस हलला. वारा नव्हता. थोडा पुढं हलला, मग थांबला. आबा डबा बडवत राहिले. मी पोरीचा दंड इतका घट्ट धरला की ती रडायला लागली. तिचं रडणं बरं वाटलं, आवाज होता म्हणून. आम्ही चौघं तसेच, एकमेकांना चिकटून, स्कूटी ढकलत रस्त्याला लागलो. सायकल तिथंच टाकली.

सकाळी मी ऑफिसला फोन केला, माझं वाक्य काढा म्हणून. उत्तर आलं, पुढच्या अपडेटला बघू. तोवर गावकऱ्यांना 'बिबट्या' असं नीट लिहायला सांगा.

वाक्य अजून आहे. 'शांत वाट' अजून आहे. सुट्टीच्या दिवशी अजून लेकरं घेऊन लोक त्या वाटेनं जातात.

तुमच्या फोनमध्ये हे ॲप असेल तर आत्ता उघडा. धोक्याच्या चौकटीत 'वाघ' लिहा. नाकारतील. उद्या परत लिहा.