दोरी ओढणार कोण?

मशीनखाली लोखंडाची कात्रणं साचतात, तसे कारखान्यातले किस्से साचतात. मी झाडणारा माणूस, शाळा कधी बघितली नाय. पण झाडता झाडता एखादा किस्सा पायाला लागतोच!

शेंद्र्याच्या एमायडीसीत जपानी कंपनी आली आन् आमच्या शेठच्या छोट्या कारखान्याला तिच्या पार्टची ऑर्डर मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांचा जपानी साहेब दुभाष्याला घेऊन आला, इकडंतिकडं बघितलं, आन् माझ्या हातातला झाडू घेऊन झाडायलाच लागला!

प्रेस मशीनवरचा रफीक हळूच म्हणला, "मामा, गई तुमारी नोकरी!"

*

आमचा निम्मा दिवस "पाना कुठंय?" यातच जायचा. साहेबानं भिंतीवर एकेका हत्याराचं चित्र काढलं. हत्यार तिथंच टांगायचं. रफीकनं शेजारी आपल्या तंबाखूच्या डबीचं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच रिकाम्या जागेपुढं उभा! दुभाष्यानं विचारलं, "हे हत्यार कुठंय?"

रफीकनं मुकाट्यानं खिशातली डबी काढून टांगली.

पण खरं सांगतो, माल असा भराभर निघायला लागला की शेठच येडा झाला. जुनी गिऱ्हाइकं सोडून दिली त्यानं.

*

मग साहेबानं मशिनींवरून एक दोरी बांधली, टोकाला घंटा. काहीबी चुकीचं दिसलं, की ज्यानं बघितलं त्यानं ओढायची. सगळं काम थांबणार!

आम्ही हबकलोच. आजवर शेठचं एकच वरडणं ऐकलेलं, "मशीन कुणी थांबवली रे?"

त्या दोरीवर आम्ही घाम पुसायच्या दस्त्या, रुमाल वाळू घातले.

*

साहेब परत आला. शेठ छाती काढून म्हणला, "एकदाबी ओढली नाय!"

साहेबाचा चेहराच उतरला. दुभाष्या म्हणला, "साहेब म्हणतात, म्हणजे तुम्ही चुका झाकता. पुढच्या खेपेलाबी असंच दिसलं, तर ऑर्डर बंद."

ऑर्डर बंद म्हणजे कारखान्याला कुलूप! साहेबाची गाडी जाताच शेठनं हात जोडले, "ओढा रे बाबांनो!"

रफीक म्हणला, "ओढतो शेठ. पण हात वर केला की तुमचा आवाज आठवतो."

*

ती खेप आली. शेठ साहेबाला चहा देत होता, आन् एकदम घंटा! सगळ्या मशिनी गप. रफीक एका हातात दोरी, दुसऱ्या हातात तडकलेला पार्ट घेऊन उभा.

शेठ गर्रकन वळला आन् सवयीनं गरजला, "मशीन कुणी थांबवली रे?"

रफीकच्या हातातली दोरी सुटली.

साहेब रफीकपुढं कमरेत वाकला. दुभाष्या म्हणला, "ऑर्डर कायम!" शेठ हसायला लागला.

साहेब हसला नाय. शेठकडं बघत बघत दोरीपाशी गेला, आन् स्वतः ओढली.