तीनशेपैकी एक्केचाळिसावी तबकडी

पोस्टमनने सायकलवरून ते चौकोनी, चपटं खोकं उतरवलं तेव्हा मी दारातच होते. दुपारची शिफ्ट असली की वर्षभर मी पोस्टाच्या वेळेला दारातच असायचे. आईला वाटलं कुणीतरी ताट पाठवलंय. वडील म्हणाले, कॅलेंडर असेल. खोक्यावरची जपानी तिकिटं बघून मला बोलताच येईना, आणि मला बोलता न येणं ही आमच्या घरात बातमी होती.

मी तेव्हा महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होते. दिवसभर नमुने तपासायचे आणि घरी येऊन कानात वॉकमन घालून हेवी मेटल संगीत ऐकायचं. डोंबिवलीच्या मावसभावाने एक कॅसेट देऊन मला कामातून घालवलं होतं. आई म्हणायची, हे गाणं नाही, पत्र्याची शेड कोसळतेय. पुढे बाजारात सायबर कॅफे निघाला आणि मी नेटवर माझ्यासारखी बिघडलेली माणसं शोधून काढली. त्यात एका जपानी बँडचा ड्रमवाला निघाला. हा बँड मेटलमध्ये काहीही कालवायचा, देवळाच्या घंटा, कारखान्याचे भोंगे. त्याने विचारलं, तुमच्या गावात काय बडवतात?

आमच्याकडे खालूबाजा बडवतात. ढोल, टिमकी, झांज आणि वर सनई. शिमग्यात पालखीपुढे तो सुरू झाला की पाय जाग्यावर राहत नाहीत. तुडीलचे तात्या हे आमच्या भागातले सगळ्यात मोठे ढोलवाले. मी त्यांच्या अंगणात जाऊन तालीम टेपरेकॉर्डरवर घेतली आणि फुशारकीत सांगून बसले, "तात्या, तुमचा ढोल जपानच्या तबकडीत वाजणार. मी स्वतः तुम्हाला ऐकवणार."

कॅसेट रजिस्टर पोस्टाने गेली आणि गेलीच. ड्रमवाल्याने मेल केला की मिळाली, मग तोही गप्प. इकडे तात्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. एसटी स्टँडवर भेटले की विचारायचे, "काय गो बाय, पोचला का जपानला?" सहा महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं, पण गाव सोडतंय थोडंच? ढोल गळ्यात घातला की कुणीतरी ओरडायचं, तात्या, इमान उतरला बघा जपानचा. हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं तेव्हा मी लाजेने मेले. तोंड माझं सुटलं होतं आणि हसू त्यांचं होत होतं.

म्हणून त्या खोक्याची एवढी वाट. आत काळंभोर कव्हर, त्यावर चंदेरी शाईने हाताने लिहिलेला आकडा, ३०० पैकी ४१. जगात तीनशेच तबकड्या आणि त्यातली एक महाडात. मागच्या बाजूला जपानी अक्षरांच्या गर्दीत इंग्रजीत एकच शब्द होता, तुडील. सोबत चिठ्ठी होती: दुसऱ्या बाजूला तुमच्या कॅसेटसोबत आम्ही वाजवलं आहे, ढोलवाल्यांना नक्की ऐकवा. मी आईला उचलून गोल फिरवलं. तिने मला धपाटा घातला.

तबकडी वाजवायची कशावर, हा प्रश्न मला मग पडला. बाजारातल्या लाऊडस्पीकरवाल्या भाऊंच्या माळ्यावर जुना रेकॉर्ड चेंजर होता. तेही लग्नात सीडी लावायला लागले होते, पण चेंजरचं नाव काढताच खुलले. "ताई, रविवारी तुडीलला क्रिकेटच्या मॅची हायत. भोंगे माझेच. जेवणाच्या सुट्टीत लावू."

रविवारी सावित्रीकाठच्या मळ्यात अख्खं गाव जमलेलं. मी तबकडी आईच्या मऊ साडीत गुंडाळून नेली होती. भाऊंनी सुईवर फुंकर मारली तर मी त्यांच्यावर खेकसले. समालोचकाने माइकवर जाहीर केलं की आता तात्यांचा जपानी कार्यक्रम होईल, आणि मळाभर हशा पिकला. तात्या धुतलेलं धोतर नेसून पुढच्या खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत.

भाऊंनी सुई टेकवली. भोंग्यातून खोल, जड घरघर निघाली. मागे काहीतरी धप्प, बऱ्याच वेळाने पुन्हा धप्प. सनईच्या जागी एखादा रेडा रेकत होता. माझ्या अंगावर काटा आला. काय वजन, काय संथपणा. मी लोकांना समजावून सांगायला लागले, मेटलमध्ये हे असंच असतं, हळू वाजवायला जास्त ताकद लागते. लोक एकमेकांकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "यात तात्या खय हाय?"

तात्या मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

"हात माझाच हाय," ते म्हणाले. "पन मी आजारी हाय."

त्यांनी मांडीवर बोटांनी ठोका धरला, भोंग्यातल्यापेक्षा बराच जलद. "मी एवढा सुस्त कधी वाजवला? ताप भरल्यासारखा वाजतोय. ह्याला कायतरी झालाय."

भाऊ चेंजरकडे वळले. चाळीस वर्षांत मोठी तबकडी तेहेतिसाच्या वेगावर आणि लहान पंचेचाळिसाच्या, याच्या बाहेर त्यांच्या हाताखालून काही गेलं नव्हतं. त्यांनी तबकडी थांबवली, डोळ्यांजवळ नेली. मधल्या गोल कागदावर, जपानी ओळीच्या टोकाला, बारीक ४५ छापलेलं. मी ती तबकडी चार दिवस उराशी घेऊन बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

खटका सरकला, सुई टेकली, आणि मळ्यात शिमगा आला. सनई कडाडली, टिमकी तडतडली, आणि त्याखालून त्या जपानी गिटारी अशा धावत आल्या की स्कोअरच्या टेबलावरचा माणूस उभा राहिला. पण सगळ्यांच्या पुढे ढोल. जपानी पोरं त्याच्या मागून पळत होती. झांजवाले उठून नाचायला लागले, पॅड बांधलेले बॅट्समन नाचायला लागले, आणि मीही, लॅबची मॅडम, चपला काढून नाचले. मागून कुणीतरी "तात्या" म्हणून हाक दिली आणि त्यात आता चेष्टा नव्हती.

तात्या खुर्चीतच बसून होते. डोळे भरले होते. तेवढ्या गदारोळात मी त्यांच्याजवळ वाकले तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "आता बरा झालो."

मग म्हणाले, "परत लाव."

तबकडी आजही माझ्याकडे आहे. पहिली बाजू नव्यासारखी. दुसऱ्या बाजूला ढोल सुरू होतो तिथे मात्र नुसती खरखर. भाऊंच्या त्या जुन्या, जड सुईखालून ती जागा त्या दुपारी अकरा वेळा गेली आणि मी एकदाही नको म्हटलं नाही. कुणाला धड तबकडी ऐकायची असेल, तर बाकीच्या दोनशे नव्याण्णव आहेत.