खड्ड्यात फेकलेली किल्ली

रस्ता खराब होता. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की आंदोलनच खोटं होतं. पोखर्णीकडून आमच्या गावाला वळलं की लगेच म्हैस बसेल एवढा खड्डा होता. निवेदनं देऊन झाली होती, पत्रकं वाटून झाली होती. पत्रकं मीच लिहायचो. ‘झोपलेल्या प्रशासनाला जाब विचारा’ हे वाक्य माझ्या हाताला इतकं बसलं होतं की ते कुठल्याही पत्रकात आपोआप उतरायचं.

शेवटी आषाढ सरता सरता रास्ता रोको ठरला. रस्त्यावर आडवी लावायला गाडी हवी होती आणि आमच्या दारात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँबॅसिडर उभी होती. माझ्याहून वयानं थोराड, दुधाळ रंगाची. शेतीच्या कामात तिचा काडीचा उपयोग नाही. वर्षातून एक काम मात्र तिचं ठरलेलं. श्रावण लागला की अण्णा मुराळी होऊन गंगाखेडला जातात आणि थोरल्या बहिणीला पंचमीला माहेरी घेऊन येतात. आत्याला आता नातवंडं झालीत, तरी गल्लीत त्या गाडीचा हॉर्न वाजल्याशिवाय ती पिशवी भरायला घेत नाही. पंचमीला आलेली आत्या राखीपौर्णिमेपर्यंत राहते. निघताना अण्णांच्या मनगटाला राखी आणि गाडीच्या किल्लीला एक दोरा, हा तिचा नेम. जुने दोरे अण्णा कधी सोडत नसत. किल्लीपेक्षा दोऱ्यांचा गुंडाच मोठा झाला होता.

गाडी मागितली तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं होतं, “ध्यान ठेवशील ना?”

त्या दिवशी भाषण मीच केलं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. गाडी रस्त्यात आडवी, समोर अख्खं गाव, माइक एका हातात, किल्ली दुसऱ्या. “रस्ता झाल्याशिवाय ही गाडी हलणार नाही!” असं ओरडलो आणि त्या भरात किल्ली भिरकावून दिली. दोऱ्यांसकट खड्ड्यातल्या पाण्यात. शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. टाळ्या चालूच होत्या तेव्हा माझं लक्ष लिंबाखाली बसलेल्या अण्णांकडे गेलं. ते पाण्याकडे बघत होते. दुसरी किल्ली नव्हती, हे त्या गर्दीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

साहेब आले, आश्वासन देऊन गेले. गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून घरी न्यावी लागली. स्टिअरिंगवर अण्णा बसले. मी अंधार पडेपर्यंत चिखलात हात घालून चाचपडत होतो. सकाळी पुन्हा जाऊन बघतो तर खड्डा मुरमानं भरलेला! इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि नेमका त्याच वेळी मुरूम येऊन पडला. आमची मागणी मान्य झाली होती. मला असा राग आला म्हणता! आणि मुरूम बघून राग येतो याची लाजही वाटली.

अण्णा बोलले असते तर बरं झालं असतं. उत्तरं द्यायला मी तयारच असतो. ते रोज सकाळी फडकं घेऊन त्या बंद गाडीची काच पुसायचे आणि आत जाऊन चहा घ्यायचे.

“डायरेक्ट करू,” मी सुचवलं. “दोन वायरी जोडल्या की चालू होते.”

“अन् बहिणीच्या दारात चोरट्यावानी वायरी जोडीत बसू?” एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आवाज चढला होता. “पंचमीच्या आधी किल्ली झाली तर ठीक. न्हाई झाली तर मी यष्टीनं जातो, अन् गाडी मोडीत दिली म्हणून सांगतो अक्काला.”

मी त्याच दिवशी गावातल्या मेकॅनिककडून गाडी चालू करायचं कुलूप काढून घेतलं, रुमालात बांधलं आणि परभणी गाठली. जिन्याखाली चावीवाल्याची टपरी. म्हातारा, तोंडात पान, समोर किल्ल्यांच्या माळाच माळा. त्यानं कुलूप उलटंसुलटं करून बघितलं.

“नुसतं कुलूप लेके आया? गाडी कुठंय?”

“गावाकडं.”

“अन् मालक?”

“मीच समजा.”

“समजून कसं जमंल बाबा? असं समजू लागलो तर माझं दुकान पोलीस ठाण्यातच मांडावं लागंल.”

मी चिडलो. सामान्य माणसाची अडवणूक, मनमानी, सगळं काढलं. तक्रार करीन म्हणालो. तो शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाची सायकलची किल्ली घासत होता.

“भाषण लय भारी हाय,” तो म्हणाला. “उद्या मालकाला घेऊन ये. कागदं पण आण.”

म्हणजे अण्णांना यष्टीत बसवून आणावं लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत गाडीची कागदपत्रं गुंडाळून ते माझ्या शेजारी बसले होते, परभणी येईपर्यंत पिशवी मांडीवर. चावीवाल्यानं कागद बघितले, चष्मा वर सारला.

“बरोबर हाय. पर अस्सल किल्ली कुठं गेली, मालक?”

मी तोंड उघडलं. अण्णा माझ्या आधी बोलले.

“माह्याच हातून पडली. विहिरीत.”

ग्रामसभेत उठून ‘खरं काय ते लोकांसमोर सांगा’ म्हणणारा माणूस मी. तिथं कानसेचा आवाज ऐकत उभा राहिलो. चावीवाला कोरी किल्ली कुलपात घालून हिसकायचा, तिच्यावर उठलेले ओरखडे उजेडात बघायचा, तेवढंच घासायचा, पुन्हा घालायचा. पहिली किल्ली वाया गेली. त्याचा दोष त्यानं पावसाळी हवेला दिला. दुसरी फिरली. “सांभाळा आता, मालक,” तो म्हणाला, “विहिरीवर जाताना घरी ठेवत जा.” अण्णा हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही गंगाखेडला पोचलो. अण्णांनी गल्लीच्या तोंडालाच हॉर्न दाबला. आत्या पिशवी घेऊन दारात आली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आले बाई आमचे मुराळी!” पुढच्या सीटवर बसली. मी मागे.

पोखर्णी मागे पडेपर्यंत बोलणं पावसाचं, सोयाबीनचं, सुनेच्या गुडघ्यांचं चाललं होतं. मग तिची नजर किल्लीवर गेली.

“हे काय रे? दोरे कुठं गेले?”

“किल्ली नवी केली, अक्का. जुनी हरवली माह्याकडून.”

“तुज्याकडून?”

“मी फेकली, आत्या,” मी मागून म्हणालो. “खड्ड्यात. सगळ्यांसमोर.”

ती वळली. “कशापायी?”

“रस्त्यासाठी.”

तेवढ्यात गाडी दणकन खाली गेली. दोन पावसांत मुरूम वाहून गेला होता. आत्याचं डोकं टपाला लागलं. पदर सावरत तिनं बाहेर बघितलं.

“अन् झाला का रस्ता?”

अण्णांनी पहिला गिअर टाकून गाडी हळूच खड्ड्याबाहेर काढली. आत्या घर आलं तेव्हा एवढंच म्हणाली, “पयला दोरा मी ही गाडी घेतली त्या साली बांधला होता. तुजा जलम व्हायचा होता अजून.”

राखीपौर्णिमेला तिनं नव्या किल्लीला दोरा बांधला. गाठ दातांनी आवळली. किल्ली अण्णांच्या हातात देताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्याच्या हाती देत जाऊ नको.”

रस्ता अजून तसाच आहे, आणि त्यावर पत्रकं अजून मीच लिहितो. तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतो, पोरं खाली टाळ्या टाकतात. गेल्या आठवड्यात तहसीलवर मोर्चा होता. मी बाहेर पडत होतो तर अण्णांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढं धरली.

“गाडी घेऊन जा. भोंगा लावायला पायजे ना तुमाला?”

एकच दोरा होता तिला, लाल, अजून कोरा.

“नको,” म्हणालो, “मी यष्टीनं जातो.”

त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला. मग किल्ली परत खिळ्याला अडकवली.