निळ्यामधली पांढरी जागा

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आमच्या भागातल्या चित्रकारांवर लिहीत असे. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांशिवाय आणखी काही असतं हे मी पुण्याला दाखवून दिलं, असं माझ्या सत्कारात एक जण म्हणाला. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

त्यातल्या एका चित्रकाराबद्दल मी खोटं लिहिलं. चूक म्हणता आली असती तर बरं झालं असतं, पण खरं काय ते मला माहीत होतं.

तो माझ्या रविवारच्या वर्गाला यायचा. चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला होता, मोटारींचे पत्रे दाबायचे साचे बनवायच्या कामावर. वडीलही कारखान्यात कामगारच होते. घर बौद्ध, पिंपरीतल्या जुन्या वस्तीतलं. वर्गातले बाकीचे निसर्गचित्रं काढत, हा मात्र कोपऱ्यात बसून कागदावर निळा रंग थापायचा आणि पुसायचा. मी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हणाला, "सर, इथं बसून नाही कळायचं. खंडेनवमीला कंपनीत या."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. मी त्याचा पाहुणा म्हणून गेलो. मोठमोठ्या प्रेसना झेंडूच्या माळा घातलेल्या, बायका-पोरं पेढे खात फिरत होती. त्याने मला एका टेबलाशी नेलं. त्यावर घासून सपाट केलेली लोखंडी पाटी होती. डबीतला निळा रंग बोटावर घेऊन त्याने तो पाटीवर इतका पातळ पसरला की खालचं लोखंड दिसत राहिलं. मग एक ठोकळा त्यावर अलगद सरकवून उचलला आणि उलटा धरला.

"बघा. मघाशी सपाट दिसत होता ना?"

ठोकळ्यावर निळ्याची बेटं उमटली होती. मध्ये कोरी जागा.

"निळा लागलाय तिथं टेकतंय. कोरं आहे तिथं खड्डा. टेकतंय ते खरवडायचं, परत निळा लावायचा, परत टेकवायचं. साच्याचे दोन भाग एकमेकांना सगळीकडे टेकेपर्यंत. आमचा निम्मा जन्म यातच जातो."

मी बोट लावून पाहिलं. पलीकडून त्याचा एक सोबती ओरडला, "ए पेंटर, सरांना चिंधी दे राव! तो निळा घरी नेला तर मॅडम आत घेणार न्हाईत त्यांना."

तो निळा खरंच निघाला नाही. माझ्या शर्टाच्या खिशाला लागला, आणि बायकोने तो शर्ट शेवटी पुसायला काढला.

त्यानंतर त्याच्या घरी गेलो. पत्र्याचं छप्पर आणि जुनं लाकडी दार. त्याने अख्ख्या दाराला हाताने निळा तैलरंग चोपडला होता आणि फळीवर ताणलेला कॅनव्हास त्यावर दाबून उचलला होता. दार चित्रात उतरलं होतं, लाकडाच्या रेषा, खिळे, कडीचा घाव, सगळं. आणि मधोमध, कमरेच्या जरा वर, वाटीएवढी पांढरी जागा.

"हे काय?"

तो हसला. आईकडे बोट केलं.

आई स्टोव्हपाशी बसली होती. म्हणाली, "माजं कोपार हाय ते. नळावरनं कळशी आणायची, हात मोकळा न्हाई, मग कोपरानं दार ढकलायचं. झिजलंय तिथं लाकूड. ह्याला त्याचं लई कौतुक. दाराला रंग फासला न् माजे दोन टॉवेल खराब केले, त्याचं कायबी न्हाई!"

"आई, नवे आणतो."

"आन. चित्र विकलं की आन."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. यंत्रावरची रीत मी बोटाने अनुभवली होती आणि त्या पांढऱ्या जागेचा अर्थ त्या बाईच्या तोंडून ऐकला होता.

पुण्यात एका गॅलरीने नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, त्यात माझ्या शब्दावर त्याची पाच चित्रं घेतली. लेख मला लिहायचा होता. त्याच प्रदर्शनात प्राधिकरणातल्या बंगल्यात राहणारे दुसरे एक चित्रकारही होते, माझ्यासारख्याच सवर्ण घरातले. त्यांचीही चित्रं निळी. त्यांच्यावर मी रंगाचे थर, सुरीचा वापर, थंड रंगांचं एकमेकांशी नातं यावर लिहिलं. त्यांचा निळा कुठून आला असं त्यांना कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

याच्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा टूलरूम मला कोरडी वाटली. ग्रीस, लोखंड, ठोकळा. पुरवणी वाचणाऱ्याला त्यात काय? मी लिहिलं की हा निळा झेंड्याचा निळा आहे, पिढ्यांच्या मोर्चांचा निळा आहे. आणि त्या दाराबद्दल लिहिलं की मधली पांढरी जागा म्हणजे ज्या दारांतून त्याच्या माणसांना आत घेतलं गेलं नाही, त्या दारांवरची नकाराची खूण. हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

लेख छापून आल्यावर तो घरी आला. पेपर घडी घालून खिशात. बसला नाही.

"सर, निळा आमचा आहेच. घरात फोटो आहे, त्यापुढं मेणबत्ती लावतो, मोर्चाला जातो. त्याची लाज नाही मला, उलट अभिमानच आहे. पण चित्रात मी काय करतो ते तुम्ही बघितलं होतं ना?"

"अरे, चित्राला अनेक अर्थ असतात."

"मग त्या दुसऱ्यांच्या चित्राला एकच कसा?"

मी म्हणालो, "तुला वर आणायचं होतं रे मला."

"बरं," म्हणाला. चहा न घेता गेला. आईने काय विचारलं ते त्याने नंतर कधीतरी सांगितलं: "झेंडा लिवला, मोर्चा लिवला. आन् माजं कोपार कुठं गेलं?"

पाचही चित्रं विकली गेली. लोक माझं वाक्य एकमेकांना ऐकवत होते. पुढच्या प्रदर्शनाला दुसऱ्याने तेच थोडं फिरवून लिहिलं, मग तिसऱ्याने. चित्रं खपू लागली तशी त्याने नोकरी सोडली, महाळुंग्याजवळ बंद पडलेल्या वर्कशॉपची शेड भाड्याने घेतली. मुलाखतींत सुरुवातीला तो टूलरूमचं सांगायचा. छापून यायचं ते झेंड्याचं. काही वर्षांनी तोही तेच बोलू लागला.

गेल्या वर्षी त्याच गॅलरीने त्याच्या आजवरच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरवलं. पुस्तिकेत माझा जुना लेख पुन्हा छापायचा म्हणून परवानगी मागितली. त्याची आई तोवर गेली होती. मला वाटलं, हीच संधी आहे, आता खरं लिहू. मी त्याच्या शेडवर गेलो.

भिंतीला टेकवून पिवळ्या आणि मातकट रंगांची मोठी चित्रं ठेवली होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मी पाहतोय हे पाहून म्हणाला, "गॅलरीला पाठवली होती. उघडलीसुद्धा नाहीत. फोन आला, 'भाई, ब्लू में कुछ है क्या?'"

मी म्हणालो, "जुना लेख मागे घेतो. नवा लिहितो. खंडेनवमी, टूलरूम, आईचं कोपर, सगळं."

तो चिंधीने हात पुसू लागला. नखांच्या कडांत निळा होता, अजूनही.

"आणि मी जे इतकी वर्षं बोलत आलो त्याचं काय? लोक म्हणतील, दोघांनी मिळून धंदा केला. तुमचं काय सर, तुमचं मन हलकं होईल. इथं मला पोरीच्या शिक्षणाचं बघायचंय." मग जरा नरमला. "लिहायचंच असेल तर नाव टाकू नका. माझं नको, तुमचंही नको. तुमचं कळलं की माझं कळतंच."

मी परवानगीच्या कागदावर सही केली. हा मजकूर मी त्याच्या अटीवर लिहितो आहे, त्यामुळे नावं नाहीत आणि काही खुणाही बदलल्या आहेत; वाचणाऱ्याला यातून कुणाचंही चित्र ओळखता येणार नाही. म्हणजे खोटी नोंद तिथे पुस्तिकेत नावानिशी राहील, आणि दुरुस्ती इथे निनावी.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलो होतो. दाराचं चित्र पहिल्याच भिंतीवर, शेजारी मोठ्या अक्षरांत माझं वाक्य. कॉलेजातली एक मुलगी त्या चित्रासमोर भरल्या डोळ्यांनी उभी होती. तो जवळून गेला तसं तिने त्याला थांबवलं आणि त्या पांढऱ्या जागेकडे बोट करून विचारलं, "सर, इथूनच तुम्हाला आत येऊ दिलं नाही ना?"

त्याने मान वळवून गर्दीत मला शोधलं. मी खुर्चीवर बसलो होतो. माझ्याकडे पाहतच तो तिला म्हणाला, "हो."