हिंगोलीच्या दफनभूमीत आजोबा सापडले

ऐंशीव्या वर्षी एका सकाळी आईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मला हिंगोलीला जायचंय. गुडघे चालतायत तोवर.”

हिंगोलीला आमचं कुणीच नाही. होते ते माझे आजोबा, सायमन साळवे. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत होते. आजारी पडून परतताना हिंगोलीत वारले, तेव्हा आई आजीच्या पोटात होती. तिथल्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात दफन केल्याचं कळवणारा लष्कराचा कागद आजीने जन्मभर बायबलमध्ये जपला. थडगं मात्र घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

जालन्याहून सकाळची एसटी धरली. मंठा, जिंतूर, औंढा असा रस्ता. खड्डे भरपूर, त्यामुळे बरोबर वयस्कर माणूस असेल तर पुढचीच सीट धरा. औंढ्याला गरम भजी खाल्ली. हिंगोलीत उतरलो तेव्हा मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीचा वास येत होता. स्टँडवर रिक्षावाल्याला ‘गोऱ्यांचं कब्रस्तान’ म्हटलं की पुरतं.

आत कमरेएवढं गवत आणि वेड्या बाभळी. तासभर शोधून जे दगड दिसले, त्यांवर सगळी इंग्रजांची नावं. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, अपने लोग इधर कहाँ मिलेंगे?” आई एका कट्ट्यावर बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

“काय हुडकून राहिल्या, माय?” भिंतीपलीकडे शेळ्या चारणाऱ्या एका बाईने विचारलं. तिचं नाव कोंडाबाई.

“माझ्या बापाला,” आई म्हणाली.

“फौजेतला व्हता का? मंग इथं काहून बसल्या? फौजवाल्यांचे दगड तिकडं हायेत, हिरीच्या मागं.”

हातातल्या विळ्याने काटे तोडत ती पुढे निघाली. विहिरीमागे एका उंचीचे सहा दगड रांगेत उभे होते. पाचांवरची नावं वाचता आली. त्यांत आजोबा नव्हते. सहावा इतका झिजलेला, की कोराच वाटला.

“थांबा,” म्हणत कोंडाबाई शेजारच्या घरी गेली आणि तांब्याभर पाणी व मूठभर हळद घेऊन आली. दगड ओला करून तिने हळद चोळली, मग अलगद पदराने पुसली. खाचांत तेवढा पिवळा रंग राहिला. आई निवृत्त नर्स, इंग्रजी तिला येतं. मी वाचायच्या आत ती एकेका अक्षरावर बोट ठेवू लागली. शेवटच्या अक्षराशी तिचं बोट थांबलं.

“दादा!” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्यांना हाक मारली होती. “दादा, मी आले. तुमची मुलगी.”

“घावला की वो बाप!” कोंडाबाई ओरडली. रिक्षावाल्याने फाटकातून हॉर्न वाजवला. आम्ही तिघी रडतही होतो, हसतही होतो.

लगेच निघायला आई तयार होईना. बाकीच्या पाच दगडांभोवतीचं गवतही तिने आमच्याकडून काढून घेतलं. मग भिंतीच्या सावलीत कोंडाबाईची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला.

“काटे पुन्हा वाढतील गं,” आई म्हणाली.

“वाढू देत न्हाई. मी हाय ना,” कोंडाबाई म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर जाड बूट, पाणी आणि विळा न्या. आणि आधी शेळ्यावाल्यांना विचारा, आमच्यासारखा तासभर घालवू नका.

घरी येऊन आता बरेच महिने झाले. आईचे गुडघे तसेच दुखतात, पण माहेरचा विषय निघाला की पूर्वी गप्प बसणारी आई मान वर करून सांगते, “माझे वडील हिंगोलीला असतात.”