मृत्यूच्या बातमीखालचा वाढदिवस

रत्नागिरीतल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर मी काही वर्षं मजकूर तपासत होतो. मालक आंबा बागायतदार. वेबसाइट बनवली त्यांच्या भाच्याने, पुण्याला शिकून आलेल्या.

पानं त्याने तुकड्यांत रचली होती. शीर्षपट्टी एक तुकडा, तळपट्टी दुसरा. त्यांना तो पार्शल म्हणायचा. तुकडा एकदाच लिहायचा. सर्व्हर पान तयार करताना तो प्रत्येक बातमीला जोडतो. पद्धत चांगली होती. तिच्यात काय घालायचं ते मालक ठरवत. तळपट्टीत ते स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा घालत. त्यासाठी भाच्याने खास हेल्पर, म्हणजे एक छोटा प्रोग्रामही लिहिला होता. पुढाऱ्याचं नाव कुठेही आलं की आधी आपोआप 'मा.' लागे. बातमीदार विसरतात, म्हणून लाचारी यंत्रावर सोपवलेली.

आरे-वारेच्या समुद्रात एक तरुण बुडाला. मी चार ओळींची बातमी दिली. खाली पुढाऱ्याचा हसरा फोटो आणि मजकूर: 'हा दिवस आपल्या आयुष्यात वारंवार येवो!'

दुपारी मृताचा मोठा भाऊ ऑफिसात आला. मालकांसमोर मोबाइल धरून म्हणाला, "बातमी राहू द्या ओ. खालचं तेवढं काढा. आई मुंबईहून निघालीय. सगळे हीच लिंक पाठवतायत. तिने हे बघायला नको."

"ते तुमच्याच बातमीखाली नाही हो," भाचा म्हणाला. "सगळ्यांच्या खाली आहे."

"सगळ्यांच्या राहू दे. माझ्या भावाच्या खाली नको."

मी भाच्याला विचारलं, दुर्घटनेच्या बातमीला तळपट्टी वगळणारा हेल्पर लिहिता येईल का?

"दोन ओळींचं काम," तो म्हणाला आणि मामाकडे पाहू लागला.

"आणि साहेबांच्या माणसाने नेमकी हीच बातमी उघडली तर?" मालक म्हणाले. "फोन मला येतो, तुला नाही."

त्यांनी भावाला पाणी दिलं, मृताचं वय विचारलं, रीतसर हळहळले. मग भाच्याला म्हणाले, "यांची अडचण समजून घे जरा. बातमीच काढून टाक."

भाच्याने काढली.

सगळे पाठवत होते ती लिंक भावाने तिथेच उघडून पाहिली. 'ही बातमी सापडली नाही' असं पान आलं. तळपट्टी त्या पानालाही होती.

त्याने बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला. "आईच्या हातातला मोबाइल काढून घे," म्हणाला. "काहीही कारण सांग."